चक्र पाणबुडी : दोनदा भाड्याने आणली, दोनदा परत केली

दुतोंड्या (धागाकर्ता)

गेल्या रविवारी मिसळीवर बसलो असताना वाद निघाला. एक म्हणाला, भारताकडे 1988 मध्येच अणुपाणबुडी होती. दुसरा म्हणाला, काहीतरीच काय, आपली पहिली अणुपाणबुडी अरिहंत तर आत्ता आत्ता आली. तर्रीची दुसरी वाटी येईपर्यंत आवाज इतके चढले की शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघायला लागले. घरी येऊन वाचत बसलो तर कळलं, दोघंही बरोबर होते. पाणबुडी होती, पण आपली नव्हती. भाड्याची होती.

पहिली चक्र म्हणजे सोव्हिएत नौदलाची के-43. गॉर्की शहरातल्या क्रास्नोये सोर्मोवो गोदीत बांधलेली, 1967 मध्ये दाखल झालेली. गॉर्की म्हणजे आताचं निझ्नी नोव्हगोरोद, व्होल्गा नदीच्या काठी, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. (नदीकाठच्या गावातही पाणबुडी बनते, नाशिककरांनी नोंद घ्यावी.) 20 वर्षं वापरून झालेली ही बोट 5 जानेवारी 1988 ला व्लादिवोस्तोकमध्ये आपल्या ताब्यात आली. नाव ठेवलं आयएनएस चक्र. कमांडर होते कॅप्टन आर. एन. गणेश. फेब्रुवारीत ती विशाखापट्टणमला पोचली तेव्हा स्वागताला पंतप्रधान राजीव गांधी जातीने हजर होते. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी एका देशाने दुसऱ्याला भाड्याने द्यायची, असं त्याआधी जगात कधी झालेलं नव्हतं.

करार 3 वर्षांचा. अट अशी की अण्वस्त्रं ठेवायची नाहीत. जानेवारी 1991 मध्ये मुदत संपली आणि बोट गेली. घरमालकाचंच घर त्या वर्षाअखेरीला मोडलं, सोव्हिएत संघ उरला नाही. के-43 पुढच्या वर्षी सेवेतून निघाली.

मग 21 वर्षं काहीच नाही.

दुसरी चक्र 2012 ची. ती रशियाची, अकुला वर्गातली, मूळ नाव नेर्पा. 4 एप्रिल 2012 ला विशाखापट्टणमला तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते नौदलात आली. करार 10 वर्षांचा, पण जून 2021 मध्येच ती सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून पाण्यावरून परत जाताना लोकांना दिसली. जहाजं बघायचा छंद असलेल्यांनी फोटो काढून टाकले, तेव्हा आपल्याला कळलं.

मला प्रश्न पडलाय तो असा. लहानपणी निफाडला आजोबांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं ते पाठीला रिकामा डबा बांधून. आधी मोठा, मग लहान, मग एक दिवस डबाच नाही. दोन्ही चक्र हा आपला पाठीचा डबा होता का? आणि असेल तर मधली 21 वर्षं आपण विहिरीच्या काठावर बसून काय करत होतो?

जाणकारांनी भर घालावी.

---

सिन्नरफाटा

छान लिहिलंय. पण एक काडी टाकतो. पहिली चक्र ही काटेकोर अर्थाने हल्लेखोर पाणबुडी नव्हती. नाटोवाले जिला चार्ली म्हणत त्या वर्गातली ती. तिच्या पोटात 8 अमेतिस्त क्षेपणास्त्रं असत आणि तिचं मुख्य काम विमानवाहू जहाजं बुडवणं. पाण्याखालून जहाजावर क्रूझ क्षेपणास्त्र सोडणारा जगातला हा पहिला वर्ग. तोवर रशियन पाणबुड्यांना त्यासाठी वर यावं लागे, म्हणजे बिळातून डोकं काढायचं आणि टोला खायचा.

अकुला मात्र खरी हल्लेखोर. पाणतीर, शत्रूच्या पाणबुडीचा माग, आपल्या ताफ्याची राखण. आणि अरिहंत तिसऱ्याच जातीची, बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं घेऊन लपून बसणारी. तिचं यश म्हणजे ती कोणाला न सापडणं. मिसळीवर भांडताना या तिघींची सरमिसळ होते.

---

दुतोंड्या

मान्य. धाग्याचं नाव तेवढ्यासाठीच मोघम ठेवलं होतं असं समजा :)

---

एकलहरेकर

नमस्कार मंडळी. माझी 31 वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली, त्यातली निम्मी टर्बाइनवर. लोक अणुपाणबुडी म्हटलं की काहीतरी जादू असल्यासारखं बोलतात म्हणून लिहितो.

जादू काही नाही. आमच्याकडे कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, वाफ कंडेन्सरमध्ये थंड करून परत पाणी करायचं. पाणबुडीत कोळशाच्या जागी युरेनियम, बाकी फेरा तोच. फरक इतकाच की तिथे पाण्याचे दोन वेगळे फेरे असतात. पहिलं पाणी अणुभट्टीतून जातं, प्रचंड दाबाखाली असतं म्हणून उकळत नाही. ते आपली उष्णता दुसऱ्या पाण्याला देतं, वाफ होते ती दुसऱ्याची. टर्बाइनपर्यंत जाणारी वाफ भट्टीतल्या पाण्याला शिवलेलीच नसते.

आमचा एक संच 210 मेगावॉट वीज देतो. अकुलाची भट्टी साधारण 190 मेगावॉट उष्णता देते. वीज आणि उष्णता एक नव्हे, उष्णतेतली दोन तृतीयांश आपण कंडेन्सरला आणि आभाळाला दान करतो, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. आमच्याकडे या सगळ्याला केवढी इमारत, केवढ्या चिमण्या, रोज कोळशाच्या वाघिणी. आणि तिथे ते 110 मीटर लांबीच्या नळकांड्याच्या एका तुकड्यात बसवायचं, शिवाय शेजारी माणसं झोपतात.

डिझेल पाणबुडीचं दुखणं हे की बॅटरी संपत आली की हवा घ्यायला वर यावंच लागतं. इंजिनाला श्वास लागतो. युरेनियमला हवा लागत नाही. पाण्याचंच विघटन करून माणसांसाठी प्राणवायू काढतात, समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात. मग मर्यादा उरते ती फक्त अन्नाची आणि माणसाच्या डोक्याची.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, आवाज. डिझेल पाणबुडी बॅटरीवर असली की मांजर. अणुपाणबुडीत भट्टी बंद केली तरी ती तापलेलीच असते, तिच्यातून पाणी फिरवत राहावंच लागतं. म्हणजे पंप आले. पंप आला की घरघर आली. मी आमच्या बॉयलर फीड पंपाजवळ उभा राहून हिरव्या रंगाच्या जाड स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचो, टोक बेअरिंगच्या घरावर. बेअरिंग जायला आलं की मीटरच्या आधी कान सांगायचा. शत्रूचा सोनारवाला (पाण्यातल्या आवाजावरून माग काढणारा) तेच करतो, फक्त त्याचा स्क्रू ड्रायव्हर कित्येक किलोमीटर लांब असतो. म्हणून अकुलात सगळी यंत्रं धक्के शोषणाऱ्या तराफ्यांवर बसवली आणि बाहेरून सबंध अंगाला रबराच्या लाद्या लावल्या. सोव्हिएत बोटी तोवर गोंगाटासाठी बदनाम होत्या. अकुला आली तेव्हा अमेरिकन चपापले ते यामुळे.

---

गोदाकाठची

एकलहरेकर काका, स्क्रू ड्रायव्हर कानाला! माझे बाबा सातपूरला लेथवर होते, तेही हेच करायचे. आई ओरडायची, एक दिवस कानात घालाल म्हणून.

मला तांत्रिक कळत नाही पण धागा सोडवत नाहीये. माझा धाकटा भाऊ नौदलात आहे, पाणबुडीवर (डिझेलच्या. यापुढे विचारू नका, तो आम्हालाही सांगत नाही). 2013 मध्ये मुंबईला सिंधुरक्षकचा स्फोट झाला, 18 जण गेले, तेव्हा तो नुकताच भरती व्हायचं म्हणत होता. आईने दोन दिवस टीव्ही लावू दिला नाही. तरी गेलाच.

आता आई कार्तिकात रामकुंडावर दिवा सोडते आणि म्हणते हा राजमहेंद्रीवरून समुद्रात जाईल, त्याच्यापर्यंत. दिवा गाडगे महाराज पुलाच्या पुढे जात नाही हे आम्ही सगळे बघतो, पण बोलत कोणी नाही. फोनवर ती त्याला एकच विचारते, तिथे ताजी भाजी मिळते का.

---

ओझरचा_बोरिस

आयडीवरून ओळखलंच असेल, ओझरला विमान कारखान्यात होतो. मिग आणि मग सुखोई. रशियन लोकांबरोबर आयुष्य गेलं. त्यांच्याकडून पहिले दोन शब्द शिकलो ते मोझ्ना आणि निल्झ्या. चालेल आणि चालणार नाही. दुसरा जास्त ऐकला.

नेर्पा या नावाबद्दल सांगतो. प्रशिक्षणाला आम्ही इर्कुत्स्कला होतो, तिथून बैकल सरोवर जवळ. एका रविवारी नेलं बघायला. नेर्पा म्हणजे बैकलचा सील मासा, म्हणजे मासा नव्हे, प्राणी. गोड्या पाण्यात राहणारा. काचेच्या टाकीत होता. गोणीत कापूस ठासून भरावा तसं गुबगुबीत अंग आणि पाणीदार काळे गोल डोळे. अशा प्राण्याचं नाव 12 हजार टनांच्या युद्धनौकेला! रशियनांचा विनोद त्यांनाच कळतो.

पण त्या बोटीचं नशीब विनोदी नव्हतं. कोम्सोमोल्स्क-ऑन-आमूर इथे 1990 च्या दशकात तिचा सांगाडा उभा राहिला. देश मोडला, पैसा आटला, कामगारांचे पगार थकले. पाण्यात उतरली 2006 मध्ये. 8 नोव्हेंबर 2008 ला जपानच्या समुद्रात चाचणी चालू असताना आग विझवणारी यंत्रणा आग नसताना सुरू झाली. बंद कप्प्यांत वायू सुटला. त्या वायूचं कामच हवेतली आग गुदमरवणं. माणूसही गुदमरतो.

20 माणसं गेली. त्यातली 17 नागरिक होती, गोदीचे कामगार आणि तंत्रज्ञ. बोटीवर एरवी 70-80 माणसं असतात, त्या दिवशी 208 होती. चाचणीला सगळ्या खात्यांची माणसं लागतात म्हणून. नौसैनिकाचा हात श्वसनयंत्राकडे अंधारातही जातो, वेल्डरचा कसा जाईल? तपासात असंही निघालं की त्या वायूत भेसळ होती, टेट्राक्लोरोइथिलीन. कपडे ड्रायक्लीन करायला वापरतात ते. एका खलाशावर खटला भरला. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं.

दुरुस्ती होऊन 2009 च्या शेवटी ती रशियन नौदलात गेली आणि 23 जानेवारी 2012 ला आपल्या हाती आली. कामगारांचं हे कोणाच्या लक्षात राहत नाही म्हणून लांबण लावली. आम्ही कारखान्यातली माणसं, आम्हाला तेच आधी दिसतं.

---

अंबडची_नाइट_शिफ्ट

सगळं वाचलं. भावनिक व्हायचं ते व्हा, पण हिशेब कोणीतरी मांडा. बातम्यांत आकडा आला होता 90 कोटी डॉलरच्या आसपास. एवढं भाडं देऊन 10 वर्षंसुद्धा पूर्ण नाही. लांब पल्ल्याची आण्विक क्षेपणास्त्रं त्यावर ठेवता येत नव्हती. 2017 मध्ये सोनारच्या घुमटाचे दोन पत्रे निखळले, नौदलप्रमुखांनी पत्रकार परिषदेत मान्य केलं, तपासायला भारतीय-रशियन संयुक्त पथक. म्हणजे भाड्याच्या घरात नळ गळला तरी घरमालकाला फोन.

मी स्वतः 14 वर्षं भाड्याने राहतोय. खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. शेवटी दर 11 महिन्यांनी पिशव्या भरायच्या त्या भरायच्याच. त्याच पैशात इथे गोदीला काम दिलं असतं तर?

---

तोफखाना

अंबडवाले, हिशेब बरोबर मांडलात, पण एक खातं राहिलं.

मी देवळालीला तोफखाना शाळेत शिकवलंय. नौदलाचा नाही, पण शिकवण्याचं थोडं कळतं. पोरांना तोफेचं पुस्तक पाठ असतं. सुटा भाग हातात दिला की नाव सांगतात. आणि पहिल्यांदा प्रत्यक्ष गोळा सुटतो तेव्हा त्यातला एखादा कानात बोळे घालायलाच विसरलेला असतो. त्या धक्क्यानंतर तो आयुष्यात कधी विसरत नाही. ते पुस्तकातून देता येत नाही.

पहिल्या चक्रवर जे तरुण अधिकारी होते त्यांनी भट्टी चालू असताना समुद्राखाली दिवस काढले. मध्यरात्री घंटा झाली की कुठल्या झडपेकडे धावायचं, हे अंगात मुरवलं. तेच लोक पुढे आपल्या स्वतःच्या पाणबुडीच्या प्रकल्पात गेले. दुतोंड्यांनी कॅप्टन गणेश यांचं नाव घेतलं आहे. ते पुढे व्हाइस ॲडमिरल झाले आणि त्याच प्रकल्पाचे महासंचालक होते. हेच तुमचं 21 वर्षांचं उत्तर. काठावर कोणी बसलं नव्हतं, विहीर खणत होते.

अरिहंत 26 जुलै 2009 ला पाण्यात उतरली. तिची 83 मेगावॉटची भट्टी ऑगस्ट 2013 मध्ये सुरू झाली, 2016 मध्ये ती नौदलात आली. तिच्यावर जाणारी माणसं तयार कुठे झाली? दुसऱ्या चक्रवर. ते 90 कोटी पाणबुडीचं भाडं म्हणून लावलं तर महाग आहे. शाळेची फी म्हणून लावा.

---

अंबडची_नाइट_शिफ्ट

फी तर फी. पण साहेब, शाळा 2021 मध्येच सुटली आणि दप्तर रिकामंच. हल्लेखोर अणुपाणबुडी आज आपल्याकडे एकही नाही. तिसऱ्या चक्रचा करार 2019 च्या मार्चमध्ये झाला, 3 अब्ज डॉलरच्या वर, 2025 पर्यंत द्यायची म्हणे. कुठे आहे?

---

तोफखाना

यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये देशी बनावटीच्या दोन हल्लेखोर अणुपाणबुड्यांना मंजुरी मिळाली. त्या डिसेंबरात नौदलप्रमुख ॲडमिरल त्रिपाठी म्हणाले, पहिली 2036-37 च्या सुमारास, दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी. एवढंच बरं की या वेळची पोकळी 1991 सारखी नाही. अरिहंत आहे, ऑगस्ट 2024 मध्ये तिची बहीण अरिघात आली, त्यामुळे भट्टी चालवणारे हात थंड पडणार नाहीत. पण बॅलिस्टिकवाल्याचा धर्म लपणं आणि हल्लेखोराचा धर्म पाठलाग. तो हात निराळा. तो गंजतो.

आणि हे जनावर लागतंच कशाला, असं कोणी विचारलं तर 1982 चं फॉकलंड युद्ध वाचावं. 2 मे रोजी ब्रिटनच्या कॉन्करर या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची युद्धनौका जनरल बेलग्रानो बुडवली. 323 माणसं गेली. पाणतीर वापरले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या बनावटीचे, म्हणजे हत्यार जुनंच. पण त्यानंतर अर्जेंटिनाचं पाण्यावरचं सगळं आरमार, विमानवाहू जहाजासकट, किनाऱ्याला जाऊन बसलं ते युद्ध संपेपर्यंत बाहेर आलं नाही. एक पाणबुडी दिसत नाही म्हणून सबंध आरमार घरी.

---

संपादक मंडळ

चर्चा छान चालू आहे. एक विनंती, सेवेत असलेल्या नातेवाइकांच्या नेमणुका, तारखा, ठिकाणं लिहू नयेत. वर कोणी लिहिलेलं नाही, आगाऊ सांगतो आहोत.

---

सिन्नरफाटा

थोडं अवांतर. अकुलाची खोल जायची शेवटची मर्यादा 600 मीटर मानतात. आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण तितकंच वर आहे! म्हणजे रामकुंडावर उभं राहून समुद्राच्या पातळीपर्यंत खाली बघायचं, तेवढं अंतर ती पाण्याखाली जाऊ शकते. तिथे पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 60 किलो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक अख्खा माणूस उभा.

---

दुतोंड्या

सिन्नरफाटा, आज गंगेवरून (आपल्या गोदावरीवरून) गाडी काढताना तेच डोक्यात होतं. आमच्याकडे पुराचं पाणी मोजायची पट्टी म्हणजे नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, की लोक पुलावर गर्दी करतात. त्या मारुतीच्या डोक्यावर 600 मीटर पाणी, कल्पना करता येईना. मागून हॉर्न वाजले तेव्हा निघालो.

तोफखाना काका, विहीर खणत होते, हे पटलं. मी आजोबांचं अर्धंच सांगितलं होतं. डबा काढला त्या दिवशी मी दोन हात मारले आणि बुडायला लागलो. आजोबा पायरीवर बसून बघत होते, उतरले नाहीत. मी ओरडलो तेव्हा म्हणाले, मागचे पंधरा दिवस पाय कोण मारत होतं, तू का डबा? नंतर एक पावसाळा गेला, विहीर तुडुंब म्हणून उतरू दिलं नाही, आणि दिवाळीत परत डबा मागायची वेळ आली. तोफखाना काकांचं गंजणं वाचून ती दिवाळी आठवली.

---

एकलहरेकर

डबा परत मागायला लाज वाटू नये. आमच्याकडे संच मोठ्या दुरुस्तीला बंद ठेवला की परत सुरू करताना 20 वर्षांचा ऑपरेटरही वही उघडून एकेक पायरी वाचायचा. जो वाचायचा नाही त्याच्याच पाळीत ट्रिप व्हायचं, म्हणजे संच अचानक बंद पडायचा.

---

गोदाकाठची

काल भावाचा फोन आला. धागा वाचून दाखवला. पाणबुडीबद्दल अर्थातच गप्प. एकलहरेकर काकांच्या स्क्रू ड्रायव्हरला मात्र खदखदून हसला.

मग मीच आईचा प्रश्न विचारला, नीट उत्तर दे म्हटलं. म्हणाला, पालेभाजी चार दिवस, फार तर पाच. मग कोबी. कोबी गेला की बटाटा आणि कांदा, आणि कांदाही ओल धरतो, रोज निवडावा लागतो, एक सडला की पोतं जातं. ते काम नव्या पोराला देतात. पहिल्या खेपेला त्याला दिलं होतं. नाशिकचा आहेस ना, तुला कळेल, म्हणून.

आई आता लासलगावहून उन्हाळ कांदा मागवायच्या विचारात आहे. उन्हाळ टिकतो म्हणे, लाल टिकत नाही. पार्सल कुठल्या पत्त्यावर करायचं ते तो सांगत नाहीये.